डेपोसाहेबांचा बोकड

माणूस भेटला की आधी त्याच्या खांद्यावर बोटांच्या पेरांनी ठकठक करायची आणि मग तो कोणत्या लाकडाचा आहे ते जाहीर करायचं, अशी डेपोसाहेबांची रीत होती. मी खोली मागायला गेलो तेव्हा ते सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बाजेवर बसून लाल हिरमिजी तेलात कालवत होते. उठले, माझ्याभोवती एक फेरी मारली, पाठीवर ठकठक केली आणि घरात ओरडून सांगितलं, "सालई आहे! मास्तर लोक सालईच असतेत. पावसाळा निघन का नाई, सांगता येत नाई."

आतून बाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "खोली गळत नाई. निघन पावसाळा."

सालईच्या लाकडाची खोकी ठोकतात. चांगल्या घरात कोणी त्याचा पाटसुद्धा करत नाही. मला राग आला, पण मूलहून गोंडपिपरीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या त्या गावात शाळेच्या मास्तराला दुसरी खोली कोण देणार होतं? मी वळकटी उतरवली, खोलीत आपली वेगळी चूल मांडली आणि राहिलो. पुढे कळलं की मला सालई म्हणाले ते बरंच होतं. गावच्या पाटलांना ते मोवई म्हणत, म्हणजे वरून भक्कम आणि आतून भुसा.

जन्मभर त्यांनी सरकारी लाकडाच्या डेपोत नोकरी केली होती. चांदा जिल्ह्याचं जंगल त्यांनी उभं कमी आणि आडवं जास्त पाहिलं होतं. उभ्या झाडात त्यांना गोडी नव्हती. एखादा मोठा साग दिसला तर ते मान वाकडी करून बघायचे, म्हणजे पाडल्यावर तो कसा दिसेल याचा अंदाज यावा. नोकरी संपली तेव्हा ओंडक्यांवर सरकारी छाप मारायचा हातोडा त्यांना परत करावा लागला. ते दुःख त्यांना सोसेना. त्यांनी गावच्या लोहाराकडून स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षराचा हातोडा करवून घेतला आणि घरातल्या प्रत्येक लाकडी वस्तूवर ठोकला. बाज, पाट, दार, उखळाचं मुसळ, काही सुटलं नाही. बाईंच्या पोळपाटाच्या मधोमध ठोकला, तेव्हापासून त्या घरातली प्रत्येक पोळी छाप घेऊन तव्यावर जाऊ लागली. डेपोसाहेब पोळी उलटी करून छाप बघत आणि मगच तोडत.

असा माणूस निवांत म्हातारा झाला असता तर गावाचं काही बिघडलं नसतं. पण बल्लारपूरकडच्या एका खाणीवरचा गोरा साहेब आपल्या मुलखात परत गेला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव निघाला. लोकांनी पलंग घेतले, आरसे घेतले, फुलाफुलांच्या बश्या घेतल्या. डेपोसाहेब गंजलेला ट्रॅक्टर घेऊन आले.

ट्रॅक्टर म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे उभं राहतं ते नव्हे. हा बागेतला ट्रॅक्टर. दात्यांची दोन लोखंडी चाकं, मधे छोटं इंजिन, त्याच्या डोक्यावर पेट्रोलची टाकी आणि मागून धरून चालायला दोन लांब दांडे. गोरा साहेब म्हणे त्यानं गुलाबाच्या वाफ्यांतली माती भुसभुशीत करत असे. गावानं दांड्यांची शिंगं पाहिली, इंजिनाचं बें-बें ऐकलं आणि पहिल्याच दिवशी त्याचं नाव बोकड ठेवलं. डेपोसाहेबांसमोर मात्र बाई सोडून सगळे 'टॅक्टर' म्हणत.

बल्लारपूरहून हा बोकड बैलगाडीतून आला आणि गाडीला कोश्या आणि चांद्या जुंपलेले होते. ही जोडी बाईंची. दोन्ही गोऱ्हे असताना बाईंच्या भावानं माहेरच्या गावाहून, थेट एटापल्लीच्या जंगलातून, पायी चालवत आणून दिले होते. एकाचा रंग कोशाच्या रेशमी कापडासारखा पिवळट म्हणून तो कोश्या, दुसऱ्याच्या कपाळावर पांढरा चांद म्हणून चांद्या. बाईंनी त्यांना पेज पाजून, कोंडा चारून मोठं केलं. डेपोसाहेब डेपोंत फिरत होते तेव्हा घरच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं, बाईंनी या जोडीच्या आणि एका गड्याच्या जोरावर कसल्या. मूलबाळ नव्हतं. त्या बैलांशी जितकं बोलत तितकं नवऱ्याशी बोलताना मी त्यांना ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर बैल ऐकतही जास्त होते.

मग अंगणात बोकडाची डागडुजी सुरू झाली. मी त्या घरात राहिलो तेवढी वर्षं ती चालूच होती. जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, शाळेवरची पाटी बदलली, बोकडाचं रंगकाम काही संपलं नाही.

आधी गंज काढायचा होता. त्यासाठी बाईंची वर्षाची चिंच गेली. डेपोसाहेबांनी तिचा कोळ करून चाकांना फासला आणि नारळाच्या शेंडीनं घासत बसले. मग रंग. बाजारातला रंग त्यांना पसंत नव्हता. जवसाचं तेल कढवून त्यात राळ आणि हिरमिजी घालून ते स्वतः रंग करत, आणि हिरमिजी वाटायला त्यांना स्वयंपाकघरातला पाटाच लागे.

"अवो, चटणी लाल काऊन आहे?" जेवताना ते विचारत.

"तुमच्या बोकडाले विचारा," बाई म्हणत. "त्याचंच उष्टं आहे."

रंगाचा एक हात दिला की वाळेपर्यंत वाट पाहायची. वाळला की डेपोसाहेब भिंग घेऊन तपासणार. कुठे केस चिकटलेला, कुठे माशी बसून गेलेली. की पुन्हा खरवडायचं आणि पुन्हा पहिला हात. रोवणीच्या दिवसांत बाई चिखलात उभ्या राहून बांधी तयार करवून घेत असत, तेव्हा बोकडाचा रंग ओला असे. रंग वाळेपर्यंत धान पोटरीत आलेलं असे. नांगरायला त्यांनी बोकड कधी नेलाच नाही. मी एकदा विचारलं तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी नवरीला सारवायला लावत होतो.

लोखंडाबद्दल त्यांचा एक सिद्धान्त होता आणि तो मला रोज ऐकावा लागे. "मास्तर, लोखंड बी लाकूडच आहे. उशिरा सडते, इतकाच फरक. लाकूड कायनं मरते? भोकानं. वाळवी भोकातून शिरते, पानी भोकातून शिरते. म्हनून आमी ओंडक्याची दोन्ही टोकं लाखेनं बुजवत होतो. मशीनचं बी तसंच आहे. भोक ठेवाचंच नाई." त्याप्रमाणे त्यांनी बोकडाला असलेलं-नसलेलं प्रत्येक भोक लाखेनं बुजवलं. इंजिन ज्यातून श्वास घेतं आणि धूर सोडतं ती दोन नळकांडी तेवढी वाचली, तीही मी वेळेवर ओरडलो म्हणून. टाकीच्या झाकणावर सुईच्या टोकाएवढं एक छिद्र होतं. ते त्यांनी मला मुद्दाम दाखवलं. "पाहा इंग्रजाचं काम! इतकं मोठं राज्य चालवलं, अन् झाकनाले भोक तसंच सोडलं." आणि चिमट्यात लाख धरून, वितळवून त्यांनी इंग्रजांची चूक दुरुस्त केली, वर रंगाचा हात मारला.

त्यानंतर बोकडाला एक रोग जडला. इंजिनाच्या चाकाला पट्टा गुंडाळून जोरात ओढला की ते चटकन सुरू होई. बें-बें करत, धूर सोडत मोठ्या दिमाखात चाले आणि एक बिडी ओढून व्हावी इतक्या वेळात आचके देऊन बंद पडे. डेपोसाहेब झाकण उघडून टाकीत डोकावत. "पेट्रोल तं आहे!" झाकण पुन्हा घट्ट लावत, पट्टा ओढत. पुन्हा एक बिडीभर. चालवायचा असेल तेव्हा ते बोकड हनुमानाच्या देवळापासून सुरू करत आणि तो दर वेळी शाळेपुढच्या चिंचेखाली येऊन मरे. माझ्या वर्गातली पोरं आवाजावरूनच दप्तरं आवरायला लागत.

"थकला नाई तो," डेपोसाहेब जमलेल्या लोकांना सांगत. "दम घेऊन राह्यला."

लोक गंभीरपणे माना डोलावत आणि वळणापलीकडे गेल्यावर पोट धरून हसत. मीही हसत असे. हसू येऊ नये असं त्या माणसात फारसं काही नव्हतं. बोलताना समोरच्याचं वाक्य ते पूर्ण होऊ देत नसत, चूक झाली तर हवेची, पाण्याची, मजुराची असे, आणि आयुष्यात त्यांनी 'मला माहीत नाही' हे शब्द उच्चारल्याचं कोणाच्या स्मरणात नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं, पण एका श्रावणात पारावर गप्पा रंगल्या असताना पाटलांनी काडी टाकली. "साहेब, टॅक्टर इतका झ्याक रंगवला, मंग बैल कायले पोसता?"

मूलच्या बैलबाजारातला दलाल त्या दिवशी गावात होता. त्याचा डोळा कितीतरी दिवसांपासून बाईंच्या जोडीवर होता. तो पुढे सरकून बसला. डेपोसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"ऐका! पोळ्याच्या दिवशी माझा टॅक्टर हनुमानाच्या देवळापासून निघन अन् तोरनाखालून पार जाईन. आपल्या पायानं! गेला तं दुसऱ्या दिवशी जोडी विकली समजा. बैल बारा महिने खाते अन् काम करते चार महिने. माझ्या मशीनले काम नाई तं खानं बी नाई."

दलालानं लगेच खांद्यावरचा दुपट्टा पुढे केला. बैलांचा सौदा आमच्याकडे दुपट्ट्याखाली बोटं दाबून होतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. दोघांचे हात दुपट्ट्याखाली गेले आणि बाहेर आले तेव्हा सौदा झालेला होता.

बाईंना ही बातमी मी सांगितली. त्या बैलांच्या कोठ्यात शेण काढत होत्या. पाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "देवळापासून तोरनापर्यंत? चिंच तं मधातच येते." आणि पुन्हा कामाला लागल्या. त्यांचा बोकडावर भरवसा होता, तो चिंचेखाली मरणारच होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वागवून खांदा कठीण झालेला असतो, त्याला हळद-तूप लावून पळसाच्या पानांनी शेकायचं आणि बैलाच्या कानाशी जेवणाचं आवतण द्यायचं. बाईंनी दोघांचे खांदे शेकले. कानाशी वाकून आवतण दिलं. तेवढ्यात डेपोसाहेब तुपाची वाटी उचलून अंगणात गेले आणि त्यांनी बोकडाच्या दांड्यांना तूप चोळलं, मोठ्यानं आवतणही दिलं. बाई म्हणाल्या, "तूप तरी ठेवा जी थोडंसं. त्याले खांदा कुठी आहे?"

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून गावात गडबड होती. शिंगं रंगवून, बेगड चिकटवून, पाठीवर झुली टाकून बैल नटले. बोकडालाही चांद्याची जुनी झूल मिळाली. दांड्यांच्या टोकांना बेगड लागली. निघण्यापूर्वी बाई ओवाळणीचं ताट घेऊन दारात आल्या. कोश्या-चांद्याच्या कपाळी कुंकू लावलं, ओवाळलं, छापाची पुरणपोळी दोघांच्या तोंडात दिली. मग ताट घेऊन घरात वळल्या तर डेपोसाहेब म्हणाले, "अन् याले?"

"याले बी?"

"आवतन देल्लं ना त्याले!"

बाईंनी बोकडाकडे नीट पाहिलं. इतक्या दिवसांचं जे काही होतं ते त्यांच्या तोंडावर आलं. "मंग तोंड कुठी आहे याचं? सांगा, घास देतो." आणि झूल बाजूला सारून त्यांनी टाकीचं झाकण फिरवून काढलं. झाकण कुंकवाच्या ताटात ठेवलं, पोळीचा तुकडा मोडून हात टाकीकडे नेला.

"अवो, पुरन नका टाकू!" डेपोसाहेब किंचाळले. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बाईंचा हात धरला, झूल ओढून टाकीवर पांघरली. इतक्यात देवळापाशी डफडं वाजलं, रांग लागत असल्याची आरोळी आली आणि ते बोकडाचे दांडे धरून ढकलत सुटले. मी मागून ढकलत होतो. झाकण ताटातच राहिलं, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

गावाबाहेरच्या आखरावर, म्हणजे जिथे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, दोन खांबांना, देवळापासून सरळ दिसेल असं, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. आखराला लागूनच बोडी होती, गावचं लहान तळं. तोरण तोडायचा मान पाटलांच्या बैलाचा. तो बैल तोडतो, मग पोळा फुटला म्हणायचं आणि सगळ्यांनी आपापले बैल घरोघर न्यायचे. ही रीत मोडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. तोरणाखाली बैल उभे होते आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची खोचक गाणी, म्हणणं चालू होतं. आम्ही देवळापाशी बोकड उभा केला तेव्हा एका गड्यानं कानावर हात ठेवून झडती फेकली:

"शिंगं त्याले लोखंडाची, पोटामंधी धूर,
हाकलला तं जाते कसा चिंचेएवढा दूर!
हर हर महादेव!"

सगळं आखर हसलं. बाई बायकांच्या घोळक्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याही हसल्या. डेपोसाहेबांनी पट्टा गुंडाळला, ओढला, आणि बोकड बें-बें करत निघाला. दांडे धरून ते मागे चालत होते, डोक्याला लाल फेटा, छाती पुढे.

चिंच आली. लोक आचक्यांची वाट पाहत थांबले. बोकड चिंचेखालून गेला.

तो तसाच पुढे गेला. आवाजात कुठे खोट नाही, धुरात खंड नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं पण डोळे हसत नव्हते. झडत्या थांबल्या. डफडेवाल्याचा हात थांबला. डेपोसाहेब बैलांच्या रांगेतून थेट तोरणाकडे निघाले, आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली, त्यांनाही बहुधा त्याच क्षणी कळली. बोकड थांबवायचा कसा हे त्यांना येत नव्हतं. ते शिकायची वेळच आजवर आली नव्हती. तो दर वेळी आपणहून मरत असे.

"साहेब, थांबा!" पाटील ओरडले. "मान माझ्या बैलाचा आहे!"

"त्यालेच सांगा!" डेपोसाहेब ओरडले.

तोरण शिंगांत अडकलं, तुटलं आणि बोकडाच्या गळ्यात पडलं. कोणीतरी सवयीनं "पोळा फुटला!" म्हणून आरोळी दिली आणि मग काय विचारता? बैल उधळले, बायका पोरांना घेऊन पळाल्या, पाटलांचा मानाचा बैल झूल सांडून रानाकडे गेला. बोकड आखर ओलांडून, तोरण मिरवत, डेपोसाहेबांना मागे फरफटत सरळ बोडीत शिरला. चिखलात पोटापर्यंत रुतला, चाकं गरगर फिरवत थोडा वेळ चिखल उडवत राहिला आणि पाणी नाकात गेल्यावर गप्प झाला.

डेपोसाहेब मांडीपर्यंत चिखलात उभे होते. फेटा गेला होता. त्यांनी तोंडावरचा चिखल पुसला आणि काठावरच्या गर्दीला विचारलं, "निघाला का नाई तोरनाखालून?"

निघाला होता. सगळ्या गावानं पाहिलं होतं. दलाल पुढे येऊन म्हणाला, "मानलं साहेब! उद्या सकाळी दावं घेऊन येतो."

बोकड बाहेर काढायला माणसांचं बळ पुरेना. शेवटी कोश्या आणि चांद्यालाच आणलं, नटलेले, झुलीसकट. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत. पण डेपोसाहेब म्हणाले, "वढू द्या. शेवटचंच काम आहे त्याईचं इथलं." हे ते इतक्या सहज म्हणाले की मला त्यांना तिथेच परत बोडीत ढकलून द्यावंसं वाटलं. बैलांनी मान खाली घालून बोकड ओढून काढला. बाई काठावर उभ्या होत्या. घरी आल्यावर दारात जोडीचे पाय धुतले, आणि चिखल केव्हाच निघून गेला तरी धूत राहिल्या. शब्द गावापुढे दिलेला होता, आणि त्या काळी त्या गावात बायकोनं नवऱ्याचा शब्द मोडायचा म्हणजे काय, हे मी आज कोणाला समजावून सांगू शकणार नाही.

मग पाय पुसून त्या ओवाळणीचं ताट उचलायला गेल्या. ताटात सुपारीशेजारी टाकीचं झाकण पडलेलं होतं, त्यावर कुंकू सांडलेलं. त्यांनी ते उचललं. वरून पाहिलं, खालून पाहिलं. अंगणातल्या बोकडाच्या उघड्या टाकीकडे पाहिलं. मग झाकण कमरेला खोचलं आणि चूल पेटवायला गेल्या.

सकाळी दलाल दावं घेऊन आला. त्याच्यामागे पाटील आले, पाटलांमागे अर्धं गाव. डेपोसाहेबांनी उजाडल्यापासून बोकड धुऊन, टाकीतलं घाण पेट्रोल ओतून, नवं भरून, इंजिनातलं पाणी काढून उन्हात उभा केला होता. दलाल कोठ्याकडे वळला तसा बाईंनी पदर सावरला आणि दारातून म्हणाल्या, "थांबा भाऊ. काल देवाचा दिवस होता. देवानं चालवला असन. आज चालवून दाखवाले सांगा. चिंचेच्या पुढं गेला, तं जोडी मीच सोडून देतो, माह्या हातानं."

दलालाला यात काही वाईट दिसलं नाही. बोकड चालतो हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पाटलांना तोरणाचा राग होता, ते म्हणाले, "बरोबर आहे बाईचं." आणि डेपोसाहेबांबद्दल तर प्रश्नच नव्हता.

"आज का म्हनता? रोज चालन! आनखी एकदा पाहा म्हना!" त्यांनी पट्टा हातात घेतला. मग टाकीकडे नजर गेली. "अरे, झाकन कुठी आहे?"

"हे घ्या," बाई म्हणाल्या. झाकण पदरानं लखलखीत पुसलेलं होतं. त्यांनी ते नवऱ्याच्या हातात दिलं नाही. स्वतः पुढे होऊन टाकीवर बसवलं आणि दोन्ही हातांनी फिरवून घट्ट केलं. "उघडं नका ठेवू जी. धूळ जाईन."

"शाबास!" डेपोसाहेब खूश झाले. "आता समजलं तुमाले. भोक ठेवाचंच नाई."

बोकड देवळापासून निघाला आणि चिंचेखाली मेला. डेपोसाहेबांनी झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल होतं. झाकण घट्ट लावलं, परत देवळापाशी नेला, पट्टा ओढला. चिंचेखाली मेला. ऊन चढेपर्यंत हे चाललं. दलालानं हातातलं दावं खांद्यावर टाकलं, मग काखेत घेतलं, मग एकदा हसून बैलबाजाराच्या वाटेला लागला. पाटील तर इतके हसले की त्यांना चिंचेच्या बुंध्याला टेकावं लागलं.

दुपारी बाई सपरीत तांदूळ निवडत होत्या. मी शाळेतून आलो आणि त्यांच्याजवळ थांबलो. "बाई, झाकणाचं तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच्यात कळाचं काय आहे? उघडा होता तं चालला. झाकला तं मेला."

टाकी चहूकडून बंद झाली की वरून हवा जात नाही आणि हवा गेली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही, हे मला पुढे कधीतरी एका लॉरीवाल्यानं समजावलं. बाईंना त्याची गरज पडली नव्हती.

"मग साहेबांना सांगायचं का?"

त्यांनी सुपातून मान वर केली. "सांगा ना. मंग रोवणीले नांगराले तुमाले जुंपू का?"

मी खाली बसून सुपातले खडे वेचू लागलो. त्या दिवसापासून बाई रोज अंगण झाडून झालं की बोकडही पुसून घेत आणि जाता जाता झाकण एकदा आवळून टाकत. डेपोसाहेबांना वाटे, बायकोला अखेर यंत्राची आवड लागली. ते लोकांना कौतुकानं सांगत, "घरची बाई बी आता टॅक्टरची सेवा करून राह्यली."

पुढच्या वर्षी पोळा जवळ आला. एका संध्याकाळी मी अंगणात आलो तर डेपोसाहेब बोकडासमोर जमिनीवर बसले होते. हातात पट्टा होता. त्या दिवशीही तो चिंचेखाली मेला असावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ज्या माणसानं कधी कोणाला काही विचारलं नव्हतं त्यानं अगदी खाली आवाजात विचारलं, "मास्तर, खरं सांगा. एकदा तं चालला ना? साऱ्यानं पाह्यला. मंग आता काऊन नाई चालत? कुठी चुकलं माहं?"

मला त्यांची दया आली. मनापासून आली. दोन शब्दांत सांगता आलं असतं आणि म्हातारा पोरासारखा नाचला असता. कोठ्यात बाई कोश्याला कोंडा चारत होत्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती, पण टोपलीतला त्यांचा हात थांबला होता. कोश्या त्यांच्या कोपराला तोंड लावून कोंडा मागत होता.

मी बोकडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साहेब," मी म्हटलं, "मला वाटतं रंग पातळ पडला. अजून एक हात पाहिजे."

डेपोसाहेबांचा चेहरा उजळला. "मी म्हन्लंच होतं!" ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि जवसाचं तेल शोधायला घरात गेले.

कोठ्यातून मागे वळूनही न पाहता बाई म्हणाल्या, "मास्तर, आज चूल नका पेटवू. आमच्याकडंच जेवा."